छापील किमतीचा महिमा

बेगम बाजारात छापील किमतीला कोणी विचारत नाही. दुसरा आसफजाह निजाम अली खान याची बेगम हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर हैदराबादची ही घाऊक पेठ वसली, असे सांगतात. सुकामेवा, मसाले, पितळी भांडी यांचा भाव तिथे आजही घासाघीस करून ठरतो. गिऱ्हाईक पिस्ता चावून पाहते, नाक मुरडते, चार पावले पुढे जाते आणि मागून हाक येण्याची वाट पाहते. एकच माल विकणारी दोन दुकाने समोरासमोर आली की भाव उतरतो.

जवळच अफझलगंजला उस्मानिया रुग्णालय आहे आणि कोठीकडे औषधांचे घाऊक व्यापारी आहेत. औषधाच्या धंद्यात हा नियम उलटा चालतो. एकच औषध दोन कंपन्यांनी बाजारात आणले की पट्टीवरची छापील किंमत चढण्याची शक्यता वाढते. याचे कारण साधे आहे. रुग्ण गोळी निवडत नाही, चावून पाहत नाही आणि पाठ फिरवून चालूही लागत नाही. निवड डॉक्टर करतो किंवा काउंटरमागचा माणूस. समजा, दोन पट्ट्या दुकानदाराला सारख्याच १२ रुपयांना पडतात. एकीवर ४० रुपये छापले आहेत आणि दुसरीवर १०० रुपये. त्याच्या हाताला कोणती आधी लागेल, हे सांगायला औषधनिर्माणशास्त्राची पदविका लागत नाही. शिवाय १०० वाल्या पट्टीवर ‘२० टक्के सूट’ देता येते आणि रुग्ण आभार मानून घरी जातो. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. बेगम बाजारातल्या कुठल्याही पिस्तेवाल्याला हा आकडा ऐकून आपला जन्म फुकट गेल्यासारखे वाटेल.

किमतींवर सरकारचे नियंत्रण नाही असे मात्र नाही. ते १९६० च्या दशकापासून आहे आणि दर नव्या आदेशात अधिक समंजस होत आले आहे. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधे होती, १९८७ मध्ये १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. त्या काळी किंमत ठरवताना औषध बनवायला किती खर्च येतो, हा उद्धट प्रश्न विचारला जाई. २०१३ च्या आदेशाने तो प्रश्न मागे घेतला. आता अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधासाठी, बाजारात १ टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या दरांची सरासरी काढतात, तिच्यावर किरकोळ दुकानदाराचे १६ टक्के चढवतात आणि जे येईल त्याला कमाल किंमत म्हणतात. विकणारे जो भाव लावतात त्यावरून त्यांनी किती भाव लावावा हे ठरते. कोणाचे मन दुखावत नाही. पुढे दरवर्षी घाऊक महागाईच्या हिशेबाने वाढ मिळते. २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांहून अधिक होती. बाजारातली बहुतेक औषधे यादीबाहेर आहेत. त्यांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ घ्यायला कोणाला विचारावे लागत नाही.

याच आदेशात परिच्छेद १९ आहे. विशेष परिस्थितीत, जनहितासाठी, सरकार किंमत बदलू शकते. जनहिताने २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटचे भाव खाली आणले, हे मान्य करायलाच हवे. त्याच जनहिताने ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंझिल पेनिसिलिन, अॅट्रोपिन, स्ट्रेप्टोमायसिन यांच्यासह आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. फार स्वस्त औषध बनवणे परवडत नाही, मग ते बाजारातून नाहीसे होते, असे कारण दिले गेले, आणि ते खोटेही नाही. नफा संपला की औषधही संपते, हे ज्या व्यवस्थेत खरे ठरते तिथे पेनिसिलिनलाही माफी नाही.

डॉक्टरांनी ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. इतक्या चपळाईने सरकारी निर्णय क्वचितच फिरतो.

हैदराबादला या विषयात बोलण्याचा अधिकार आहे. आयडीपीएल ही सरकारी कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि बालानगरला सोव्हिएत मदतीने तिचा औषध कारखाना उभा राहिला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले, आणि दुसऱ्या वाटेने तेच औषध बनवणे कायदेशीर झाले. आयडीपीएलमध्ये काम केलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज सुरू केली. सरकारी कारखाना मात्र आजारी उद्योगांच्या यादीत जाऊन पडला. २००५ मध्ये औषधावरचे पेटंट परत आले.

मग मार्च २०१२ मध्ये एक अघटित घडले. बायर कंपनीचे कर्करोगावरचे नेक्साव्हार महिन्याला २,८०,४२८ रुपयांना मिळत होते. पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बायरच्या संमतीविना ८,८०० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना दिला. बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क ठरले, जे पुढे ७ टक्के झाले. बायरच्या तत्कालीन प्रमुखांनी डिसेंबर २०१३ मध्ये सांगून टाकले, की हे औषध भारतीयांसाठी बनवलेलेच नव्हते, ते ज्यांना परवडते अशा पाश्चात्त्य रुग्णांसाठी होते. औषधविक्रीच्या इतिहासात इतका प्रामाणिक खुलासा शोधून सापडणार नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही बायरला दाद दिली नाही.

२०१५ मध्ये हैदराबादच्याच ली फार्माने मधुमेहावरच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी असाच अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. सक्तीच्या परवान्याचे कलम कायद्यात आजही शाबूत आहे, आणि त्याखाली निघालेला परवाना अजून तो एकच आहे.