कटऑफकाका

कटऑफकाका स्वतः बी.कॉम. आहेत. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाशी त्यांचा संबंध आला तो पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाल्यावर. पुतण्याचा फॉर्म भरायचा होता म्हणून त्यांनी मागच्या तीन वर्षांचे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांचे, म्हणजे कॅप राउंडचे, कटऑफ डाउनलोड केले, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढल्या आणि स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. पुतण्याला प्रवेश मिळाला, चार वर्षांनी नोकरी मिळाली, पुढे लग्नही झालं. बाइंडिंग मात्र काकांकडेच राहिलं. दरवर्षी त्यात नव्या पानांची भर पडते, आणि जूनमध्ये प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, निकाल लागला की आमच्या सोसायटीतले लोक (पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरची कुठलीही सोसायटी डोळ्यांसमोर आणा) एकेक करून त्यांच्या दाराशी चपला काढू लागतात.

"किती?" हा काकांचा पहिला प्रश्न.

"सत्त्याण्णव पॉइंट चार," आई सांगते.

"पुढे?"

"पुढे काय?"

"चारच्या पुढे."

परीक्षा घेणारा सीईटी सेल पर्सेंटाइल देतो तो दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत, आणि त्यातला एकही आकडा काका वाया जाऊ देत नाहीत. आई मोबाइलवर स्कोअरकार्ड उघडते, सातही आकडे वाचून दाखवते, काका ते लिहून घेतात, खाली दोन रेघा मारतात आणि "हं" म्हणतात. या "हं"चा अर्थ सोसायटीत फक्त काकूंना कळतो. तो ऐकून त्या आत जातात. नुसता चहा बाहेर आला तर समजावं, काम होण्यासारखं आहे. चहाबरोबर पोहे आले तर मुलाचं काही खरं नाही.

एवढ्यात वडील म्हणतात, "अहो, पण सत्त्याण्णव टक्के म्हणजे काही कमी नाहीत."

"टक्के नव्हेत हो ते. तीन लाख मुलं बसली असं धरा. तुमच्या पुढे किती? सात हजार आठशे."

वडील गप्प होतात. त्यांचे ऑफिसात पेढे वाटून झालेले असतात.

दुसरा प्रश्न काका आवाज उतरवून विचारतात. "आणि आपलं... ते?" या "ते"चा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बारा वर्षं शेजारी राहून, गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहून त्यांनी हा प्रश्न कधी विचारलेला नसतो. आडनावावरून अंदाज बांधून ठेवलेला असतो, तो आता फक्त पक्का करायचा असतो. उत्तर मिळालं की आवाज पुन्हा चढतो, कारण आता विषय जातीचा राहिलेला नसून कागदांचा झालेला असतो. "कास्ट व्हॅलिडिटी आहे? नॉन-क्रिमिलेअर येत्या ३१ मार्चपर्यंत चालतं? नुसतं 'आहे' म्हणू नका, तारीख बघा. डोमिसाइल कुठंय?" एखादा कागद कमी निघाला की काकांच्या अंगात हुरूप संचारतो. पाटबंधारे खात्यात एकेक बिल त्यांनी त्रुटी काढून परत पाठवलेलं आहे. ती बोटं अजून तशीच शिवशिवतात.

मग बाइंडिंग उघडतं. कटऑफच्या याद्यांची भाषा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक जागेला एक कोड असतो. आधी जी किंवा एल, म्हणजे सर्वसाधारण किंवा मुलींसाठी राखीव तीस टक्क्यांतली, मग प्रवर्ग, शेवटी एच, ओ किंवा एस, म्हणजे जागा होम युनिव्हर्सिटीची, बाहेरच्यांची की राज्यपातळीवरची. काकांना हे कोड इतके पाठ झालेत की माणसंही त्यांना त्याच नावांनी आठवतात. "ए-विंगमधली ती एल-ओपन-एच काल लिफ्टमध्ये भेटली, कॉलेज आवडलं म्हणाली." त्या मुलीचं खरं नाव त्यांना अजून माहीत नाही. तिचा स्टेट मेरिट नंबर मात्र विचारा.

आलेल्यांपैकी निम्म्यांना सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, हवं असतं. २०२२ पासून ते कॉलेज राहिलेलं नाही, कायद्याने स्वतंत्र राज्य विद्यापीठ झालं आहे, पण 'सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ' एवढं लांब नाव घ्यायला काकांकडे वेळ नसतो. १८५४ साली सुरू झाल्याची आणि विश्वेश्वरय्या १८८३ साली तिथूनच पास झाल्याची आठवण करून द्यायला मात्र असतो. "तेव्हा कॅप राउंड नव्हता," असंही ते पुढे जोडतात, जणू विश्वेश्वरय्या त्यामुळेच सुटले.

"कॉम्प्युटरला नव्याण्णव पॉइंट नऊच्या पुढे जातं. ते पान उलटा. आता मला सांगा, तुम्हाला सीओईपी पाहिजे की कॉम्प्युटर पाहिजे?"

या प्रश्नावर घरं दुभंगलेली मी पाहिली आहेत. आई म्हणते कॉलेज, वडील म्हणतात ब्रँच, आजोबा विचारतात की मेटलर्जीत वाईट काय आहे. मेटलर्जीत वाईट काहीच नसतं. पण हा शब्द या घरात आजच पहिल्यांदा उच्चारला गेलेला असतो आणि रात्रीपर्यंत तो मुलाचा लहानपणापासूनचा ओढा ठरतो. या सगळ्या बैठकीत मुलाला बोलायची संधी एकदाच येते, ओटीपी सांगताना.

काकांचा निकाल तीन प्रकारचा असतो: लागेल, काठावर आहे, बघू या. "लागेल" म्हणताना ते "कटऑफ चढला नाही तर" असं पुटपुटतात. "काठावर आहे" हे दोन्हीकडून खरं ठरतं. आणि "बघू या" म्हणजे चौथ्या फेरीपर्यंत तोंड मिटून बसा. त्यामुळे त्यांचं भाकीत चुकल्याचं कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. जागा लागली तर "मी म्हटलं होतं", आणि हुकली तर "यंदा कटऑफ चढला".

हा कटऑफ काकांच्या बोलण्यात एखाद्या लहरी अधिकाऱ्यासारखा येतो. चढतो, उतरतो, रुसतो, एखाद्या ब्रँचवर मेहेरबान होतो. खरं तर तो कुणी ठरवलेला नसतो. त्या जागांवर जो शेवटचा मुलगा आत गेला त्याचा पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. दारातून आत गेलेल्या शेवटच्या माणसाची उंची मोजायची आणि दार तेवढंच उंच आहे म्हणायचं. आता काका एका सुट्टीत चाळीस घरांना सांगतात की अमुक कॉलेजचं आयटी सध्या 'अंडररेटेड' आहे. ती घरं मेहुण्यांना सांगतात, मेहुणे व्हॉट्सअ‍ॅपला सांगतात, आणि प्रत्येक सोसायटीत एक कटऑफकाका असतोच. पुढच्या वर्षी त्या आयटीचा कटऑफ चढतो. काका नवं पान बाइंडिंगमध्ये लावतात आणि समाधानाने म्हणतात, "बघा, बोललो होतो."

पण त्यांना हसण्यावारी नेऊन चालत नाही, कारण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक आहे आणि ती भल्याभल्या शिकलेल्यांना कळत नाही. २०२५ पासून कॅपच्या फेऱ्या तीनच्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हाच नियम, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. आणि पालक काय करतात? "नक्की लागावं" म्हणून हमखास मिळणारं, मनातून नको असलेलं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकतात. ते नक्की लागतं. मग अडकतात. असा फॉर्म दिसला की काकांचा पारा चढतो. "मशीन आधी मेरिट नंबर बघतं आणि मग तुमची यादी वरून खाली वाचतं. वर मोठं नाव लिहिलं म्हणून ते हसत नाही, दंडही लावत नाही. जे हवं ते वर लिहा, मिळेलसं वाटतं ते खाली!" या एका वाक्याने त्यांनी किती मुलांची चार वर्षं वाचवली असतील. सोसायटीने खरं तर त्यांचा मेंटेनन्स माफ करायला हवा.

फी माफीच्या जागांबद्दलही ते सावध करतात. टीएफडब्ल्यूएसच्या जागा मोजक्या आणि डोळा सगळ्यांचा, त्यामुळे तिथला कटऑफ पुष्कळदा फी भरून मिळणाऱ्या जागेपेक्षा वर असतो. हे ऐकून एका गृहस्थांनी विचारलं होतं, "म्हणजे फुकट जास्त महाग?" काकांनी ते वाक्य बाइंडिंगच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं आहे.

त्यांचं खरं दुःख म्हणजे लोक उशिरा येतात. एका कुटुंबाने मुलाला बारावीसाठी दोन वर्षं लातूरला ठेवलं. तिथं तो घासला, मार्क आले, आणि मंडळी बाइंडिंगपुढे येऊन बसली: आता पुण्यातलं चांगलं कॉलेज सांगा. काकांनी कपाळाला हात लावला. बारावी जिथून, होम युनिव्हर्सिटी तिथली. मुलगा जन्माने कसब्यातला, पण कॅपच्या लेखी नांदेड विद्यापीठाचा. पुण्यातल्या विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये सत्तर टक्के वाटा घरच्यांचा, आणि हा उरलेल्या तीस टक्क्यांच्या रांगेत. "दोन वर्षांपूर्वी मला एक फोन केला असतात तर!" त्या दिवशी पोह्यांवर शेव होती, खोबरं होतं, वर लिंबाची फोडसुद्धा होती.

तेव्हापासून काकांनी ठरवलं की लोकांची वाट पाहायची नाही, आपणच गाठायचं. परवा लिफ्टमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा फुटबॉल घेऊन उभा होता. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कितवीत रे?"

"सहावीत."

काकांनी बोटांची पेरं मोजली. "म्हणजे २०३२ चा कॅप. बारावी कुठून करणार?"

मुलाने फुटबॉल पोटाशी धरला. "माहीत नाही."

"ठरवायला हवं ना! आणि डोमिसाइल काढलंय का बाबांनी?"

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि मुलगा उतरून गेला. तो राहतो पाचव्यावर.

"बघ," काका मला म्हणाले, "पहिल्या फेरीतच जागा सोडून गेला."