मेंढी सुटली, मी सापडलो

निवृत्त माणसाने काय करू नये याची एक यादी पेन्शनच्या कागदांना जोडून द्यायला हवी. ती नसल्यामुळे डिसेंबरात पुण्याला हुडहुडी भरली तेव्हा मी घरात जाहीर करून बसलो की, यंदा विकतचं पांघरूण येणार नाही. आईला, बायकोला, नातीला एकेक ब्लँकेट आणि कुत्र्या-मांजरात मिळून एक, सगळं मी शिवणार. आईचं पायाचं शिवणयंत्र बरीच वर्षं टीव्हीचं टेबल म्हणून प्रतिनियुक्तीवर होतं. त्याला मूळ खात्यात रुजू करून घेतलं.

आईने जन्मभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. जमिनीवर पसरायच्या, स्वतः त्यावर बसायचं आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. तिला विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मला फ्लीस हवं होतं.

फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरच, विणून ब्रशने पिंजलेलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्सने ते लोकरीला पर्याय म्हणून काढलं. मेंढी सुटली, मी सापडलो. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या वितळवूनही ते होऊ लागलं, ही माहिती मी भेटेल त्याला ऐकवत होतो. कापडाला एक घडी पडली होती म्हणून त्यावर गरम इस्त्री टेकवली, तेव्हा त्याला पूर्वजन्म आठवला. इस्त्रीच्या बुडाला भगवा पापुद्रा आणि ब्लँकेटला इस्त्रीच्याच आकाराची खिडकी. ते ब्लँकेट मांजराच्या नावावर केलं.

मग शिवण. यंत्राचे दाते खालचा थर इमानाने ओढून नेत होते. वरचा थर ताणला जात रेंगाळत होता. टीप संपली तेव्हा वरच्याची वीतभर जीभ बाहेर. मी ती कापली. दुसऱ्या कडेलाही तेच झालं, तीही कापली. अशा न्यायाने आईचं ब्लँकेट नातीचं झालं आणि नातीचं तिच्या बाहुलीचं. शिवाय टाके सुटत होते. असल्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, ती धाग्यांना न टोचता मधून वाट काढते. मी साडीच्या फॉलची बारीक, टोकदार सुई लावून यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

कापताना उडणारी भगवी लव हा वेगळाच विषय. ती वरणात सापडली, चष्म्यावर सापडली, देवघरात समईच्या वातीवरही सापडली. रात्री अंधारात पांघरूण ओढलं की चटचट ठिणग्या. बायको म्हणाली, "झोपायचंय मला, दिवाळी झाली." कुत्र्याने ब्लँकेट पाहिलं, हुंगलं, आणि ठिणगी नाकाला लागताच थेट फरशीवर जाऊन झोपला. त्याचे केस मात्र सगळे ब्लँकेटवर. कोरड्या हवेत फ्लीसला वीज चढते आणि ते केस ओढून घेतं, हे घरात आता सर्वांना पाठ आहे.

शेवटी कडा तरी नीट दिसाव्यात म्हणून सगळा ढीग कोपऱ्यावरच्या पिको-फॉलवाल्या ताईंकडे नेला. त्यांनी काही न बोलता एक कोपरा कात्रीने कापला, नखाने खरवडला, ओढला. एक दोरा निघाला नाही.

"काका, हे उसवतच नाही. कापायचं नि पांघरायचं. शिवलंत कशाला?"

मी पिशवी उचलली. आईला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

तेव्हा वाचकहो, फ्लीस आणलंत तर सुई-दोऱ्याला हात लावू नका. दोन थरांचं हवंच असेल तर चारही कडांना बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि खालची-वरची पट्टी धरून गाठ मारत जा. कात्री तेवढी धारदार घ्या. आणि इस्त्री त्या दिवसापुरती शेजारी नेऊन ठेवा.