आठशेवाले काका

जिंतूरला रेल्वे नाही. परभणी गाठायची तर एसटी, काळी-पिवळी, नाहीतर स्वतःची गाडी. आणि स्वतःची गाडी असणाऱ्यांत एक जमात अजून तग धरून आहे, ती मारुती आठशेवाल्यांची. वय साठीपुढचं. कुणी निवृत्त गुरुजी, कुणी मोंढ्यातला अडत्या, कुणी जिल्हा परिषदेतून पेन्शनीत निघालेला. गाडी पांढरी, नंबर एमएच २२, सीटवर टॉवेल आणि मागच्या काचेजवळ एक छत्री, जी पावसातही बाहेर निघत नाही. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असं छातीठोक सांगणाऱ्या जिल्ह्यात राहून या काकांची निष्ठा मात्र जपानवर. “सुझुकीचं इंजिन आहे, आजवर पाना लागला नाही,” हे वाक्य ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवतात. माझं म्हणणं एवढंच, की इंजिन चांगलं आहे यात वाद नाही. पण त्याच्या भरवशाचं निम्मं श्रेय काकांच्या चिकटपणाचं आहे, आणि ते घ्यायला काका स्वतःच तयार नाहीत.

आधी इंजिनाची बाजू पाहू. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गिऱ्हाइकाला किल्ली मिळाली, तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर मोटार म्हणजे अॅम्बॅसिडर किंवा पद्मिनी होती. पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात. आठशेचं ७९६ सीसीचं, सिलिंडर तीनच, प्रत्येकाचा बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२. ताकद मिनिटाला ५००० फेऱ्यांवर ३७ अश्वशक्ती. म्हणजे ताकद जवळजवळ तेवढीच, आणि ओढायची गाडी मात्र साडेसहाशे किलोंच्या आसपास. वर हिशेब केला तर लिटरमागे शेहेचाळीसेक अश्वशक्ती निघते. आजची टर्बो लावलेली एक लिटरची इंजिनं शंभर देतात, आणि तेवढ्यासाठी आतला दाब आणि उष्णता सोसतात. आठशेच्या इंजिनाकडून कुणी कधी फार मागितलंच नाही. त्यातही जे द्यायचं, ते काका पुरतं घेत नाहीत. बोरीच्या रस्त्याला लागल्यावरही काटा साठावर गेला की त्यांचा पाय आपोआप वर येतो. चौथ्या गिअरला साठ म्हणजे इंजिन अडीच-पावणेतीन हजार फेऱ्यांवर, आणि या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क २५०० च्या जवळपासच मिळतो. काकांना टॉर्कशी देणंघेणं नाही. ते पेट्रोल वाचवत असतात. पण इंजिन जिथे सगळ्यात सुखात असतं, नेमकं तिथेच ते त्याला वर्षानुवर्षं बसवून ठेवतात.

दुसरा पुरावा सकाळी मिळतो. गाडी बाहेर काढायच्या आधी काका बॉनेट उघडतात, ऑईलची पट्टी ओढतात, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसतात, पुन्हा बुडवतात आणि मग उन्हाकडे धरून एक डोळा मिटतात. ऑईलचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून बघतात. कधी कधी हुंगतातही. मग चोक ओढायचा, सेल्फ मारायचा आणि इंजिन शांत होईपर्यंत गाडीशेजारी उभं राहायचं, कुणी हाक मारली तरी. दर पावसाळ्याआधी होज पाइप दाबून बघायचे, पॉइंट आणि प्लग साफ करायचे, कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुवायचा, अॅक्सिलरेटरच्या केबलला तेल द्यायचं. एवढं सगळं करून “पाना लागला नाही” हे कसं, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : “ते काय काम आहे का?” काकांच्या कोशात बिघाड म्हणजे इंजिन खाली उतरवणं. त्याअलीकडचं सगळं ‘देखभाल’, आणि तिचा खर्च वहीत किराण्याच्या रकान्यात.

आता कुणी म्हणेल, हेच इंजिन ओम्नीत होतं. त्या ओम्नीत आठ जणांच्या जागी चौदा पोरं कोंबून शाळा झाल्या, डबे, गॅस, भाजी सगळं वाहून झालं, आणि चालवायला महिन्याच्या पगाराचा पोरगा. तिथे कुठला काका होता? आक्षेप वजनदार आहे, आणि इंजिनाचा मोठेपणा मी त्यावरूनच मान्य करतो. पण भाड्याने राबलेली ओम्नी बघा : धूर मारते, ऑईल खाते, हाफ इंजिनचं काम एकदा तरी झालेलं असतं. ती चालली हे खरं, पण पाना न लागता चालली असं तिचा मालकही म्हणत नाही. दुसरा आक्षेप यापेक्षा बारीक आहे. आपल्याला दिसतात त्या जिवंत राहिलेल्या आठशे. ज्या भंगारात गेल्या त्या कुणाच्या गप्पांत नाहीत. बरोबर. म्हणून तर प्रश्न असा विचारायचा, की राहिलेल्या गाड्या कुणाच्या दारात राहिल्या? उत्तर पुन्हा काकांशीच येऊन थांबतं.

एक गोष्ट मात्र काकांच्या विरुद्ध जाते. घर ते बाजार दीड किलोमीटर, आणि तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. चोकवर गेलेलं जास्तीचं पेट्रोल आणि आतली वाफ ऑईलमध्ये उतरते. कमी चालवणं म्हणजे जपणं, हा समज इथे फसतो. टायमिंग बेल्टचंही तसंच, रबर पळून झिजतं तसं बसूनही वाळतं. पण काका दर रविवारी गाडी येलदरीच्या धरणापर्यंत नेऊन आणतात, “बॅटरी चार्ज होते” म्हणून. बॅटरी होतच असेल. खरं काम होतं ते ऑईल तापून त्यातलं पाणी उडण्याचं.

सरकारने बाकी त्यांची परीक्षा पाहायचं सोडलेलं नाही. २०१० साली बीएस-४ आलं आणि तेरा मोठ्या शहरांतून नवी आठशे मागे हटली. जिंतूर त्या यादीत नसल्याचा काकांना अभिमान वाटला. जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातच उत्पादन थांबलं. मग पंधरा वर्षांवरच्या गाडीची फेरनोंदणी २०२२ पासून सहाशेऐवजी पाच हजारांना, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जे कार्बोरेटरच्या जुन्या रबराला मानवत नाही. काका पैसे भरतात, नळ्या बदलतात, आणि तेही देखभालीतच धरतात.

शेवटचा पुरावा गाडी पुतण्याकडे गेली की मिळतो. पुतण्या चोक विसरतो, परभणीपर्यंत ऐंशी-नव्वदने दामटतो, रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते बघत नाही. उन्हाळा संपायच्या आत हेड गॅसकेट उडतं आणि इंजिन खाली उतरतं. काका गॅरेजात जाऊन उघड्या सिलिंडरांकडे बघतात आणि म्हणतात, “इंजिनाचा काय दोष? चालवणाऱ्याला अक्कल पाहिजे.” आणि मेकॅनिकने चहा मागवेपर्यंत ते शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत असतात, “मी वीस वर्षं चालवली. माझं त्यात काही नाही हो, इंजिनच जपानी.”