दोन घोडे, एक ट्रक आणि खंबाटकीहून मोठा घाट

ती. दादा यांस,


घोड्यांचा ट्रेलर ओढायला जुना डिझेल ट्रक घ्यावा की नाही, याचा हिशेब घोड्याच्या वजनापासून सुरू होतो. साधारण घोडा 450 ते 550 किलोंचा. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर सव्वा ते दीड टनाचा. खोगिरे, गवत आणि पाणी धरले की अडीच-तीन टन सहज भरतात. आपल्या लोणंदच्या कांदा मार्केटात हा आकडा सांगितला तर हमालही हसतील. मात्र कांद्याची गोणी एकदा रचली की मुकाट बसते. घोडा वळणावर पाय बदलतो, शेजाऱ्याला चावायला जातो आणि मागचा ट्रेलर डुलू लागतो. म्हणून ओढणारी गाडी वजनदार आणि लांब लागते. येथे अमेरिकेत ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप. तिच्यावर लिंबू-मिरची नसते आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ही नसते.

घोडे चालवत का नेत नाहीत, हा लोणंदहून वारंवार येणारा प्रश्न रास्तच आहे. माउलींच्या सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर चालतच येतात, आणि लोणंदचा मुक्काम हलला की चांदोबाच्या लिंबाला पहिल्या उभ्या रिंगणात धावतातही. त्यांच्या वाटेवर माणसे पाया पडायला उभी असतात. आमची वाट म्हणजे डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग; तेथे घोडा दिसला तर पोलीस येतात.

या महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे मैलोगणती तीव्र चढउतार आहेत. खंबाटकीत गाडी तापली की कडेला लावून चहा तरी मिळतो. येथे चहा नाही आणि हवाही विरळ. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्यापाशी जवळपास एक तृतीयांश गेलेली असते. टर्बो डिझेलला त्याचा त्रास पुष्कळ कमी. शिवाय उतारावर एक्झॉस्ट ब्रेक गाडीला मागे रोखून धरतो आणि चाकांचे ब्रेक फारसे तापत नाहीत. चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे घाटाखाली राहणाऱ्यांना सांगायला नको.

डिझेलच्या विरोधातली बाजूही भक्कम आहे. अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते, हे सांगितले की लोणंदला कोणी विश्वास ठेवत नाही. तेल बदलताना एका वेळी अकरा लिटर लागते. इंजिनच पाचशे किलोंच्या आसपास, म्हणजे न दिसणारा तिसरा घोडा. त्यामुळे ट्रकची स्वतःवर भार घेण्याची ऐपत कमी होते. ही ऐपत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर छापलेली असते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येतो, त्यात कुटुंब आणि कुटुंबाचे डबे मिळवायचे, आणि मग चिठ्ठी पुन्हा वाचायची. जाहिरातीतला ‘ओढण्याचा’ मोठा आकडा वाचून खूश होऊ नये.

जुन्या गाड्यांत डॉज रॅममधले 5.9 लिटरचे कमिन्स इंजिन लोकांना फार प्रिय आहे. कमिन्स हे नाव लोणंदला परके नाही: पुण्यात 1962 पासून किर्लोस्कर-कमिन्स होती, आणि फलटण रस्त्यावर सुरवडीजवळ कारखानाच आहे. 2007 मध्ये रॅममध्ये 5.9 च्या जागी 6.7 लिटरचे इंजिन आले. नव्यात एक्झॉस्ट ब्रेक मुळातच आहे, पण धुराची काजळी अडवणारी गाळणीही आहे. शाळा, किराणा आणि देऊळ एवढ्याच फेऱ्या केल्या तर गाळणी तापत नाही आणि तुंबते. ती काढून टाकलेल्या गाड्या स्वस्तात मिळतात. ते बेकायदा आहे, घेऊ नयेत. जुन्यात गाळणी नाही, पण ब्रेक वेगळा बसवून घ्यावा लागतो आणि चेसिस गंजलेली निघू शकते.

पाहायला जाताना इंजिन थंड असावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर काही लपवायचे आहे असे धरून चालावे. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण काढावे. फसफसून धूर आला तर निघावे. चालू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर तेल जळते आहे. टायरवरच्या शिक्क्यात आठवडा आणि वर्ष असते, तेही वाचावे. हौद्याच्या मध्यभागी हुकासाठी भोक असेल, तर आधीच्या मालकाने जड ट्रेलर ओढला आहे.

निर्णय असा: सपाटीवर वर्षाकाठी दोन-चार खेपा असत्या, तर पेट्रोलचाच मोठा ट्रक पुरता. घाट नेहमीचा आहे, म्हणून 6.7 चा, गाळणी जागेवर असलेला, गंज नसलेला डिझेल घ्यावा. तसा एक सापडला आहे. त्याचे थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज सोबत पाठवला आहे. गावातून सुरवडीच्या कारखान्यात जाणारे कोणी असेल त्यास तो ऐकवावा आणि काय म्हणतात ते शनिवारच्या आत कळवावे; नंतर गाडी राहणार नाही.