रंग न देण्याचा खर्च

आपली मोटार जुनी असून ती जुनीच दिसावी म्हणून आपण पाण्यासारखा पैसा ओतला, हे चारचौघांत सांगताना माझ्या स्वराला जो गंभीर, किंचित तुच्छतादर्शक आब चढतो, तो सहन न होऊन माझी पत्नी स्वयंपाकघरात निघून जाते. मोटार 1967 सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली फियाट 1100 डिलाइट. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, इंजिन 1089 सी.सी.चे, रंग कोणे एके काळी निळा. इंजिन बोअर करून घेतले, गंजून चाळण झालेला तळाचा पत्रा कापून नवा जोडला; परंतु बाहेरच्या रंगास कोणी हात लावायचा नाही, असे फर्मान मी काढले, तेव्हा डेंटिंगवाले मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, अडचण असेल तर पैसे हप्त्याने द्या."

ज्यावर श्रद्धा, त्यावर लेप, ही आपली सनातन रीत आहे, हे मी त्यांस सविस्तर समजावले. मारुतीस पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढवून त्याचे नाकडोळे आपण लुप्त केले. सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर 2022 साली उतरविले, तेव्हा कुठे आतले मूळ स्वरूप भाविकांच्या दृष्टीस पडले. काळ्या पाषाणाच्या देवळांना तर गुलाबी ऑइलपेंट फासल्याखेरीज जीर्णोद्धार झाला असे ग्रामस्थांस वाटतच नाही. मिस्त्रींनी हे सारे निमूटपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग शेंदरी मारू का?"

या जुन्या रंगावर हल्लीसारखे पारदर्शक कवच नसते. उन्हाने त्याचा वरचा थर खडूसारखा भुकटतो. मऊ फडक्याने सौम्य पॉलिश फिरवावे तर निळा रंग फडक्यावर उतरतो, म्हणजे झळाळीचे व्याज मुद्दलातूनच वळते होते. म्हणून कडांशी हात आखडता घ्यायचा आणि वर मेणाचा पातळ थर देऊन थांबायचे. पन्नास वर्षांपुढील, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींस 2021 च्या नियमांन्वये 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. ती सनद हाती येण्यापूर्वीच, पाहुण्यांस सहज म्हणून पाटीसमोर कसे उभे करावे, याची तालीम मी करून ठेवली आहे.

डाव्या दाराच्या काचेखाली मात्र वीतभर जागेत रंग पार झिजून तांबडा प्रायमर, आणि मध्यभागी उघडा पत्रा दिसतो. माझे वडील अण्णा खंबाटकी घाटाच्या वळणांवर हॉर्न वाजविण्याऐवजी राजकारणावर बोलत, आणि आई काच खाली करून दार घट्ट धरून बसे. तिच्या पाटल्या तिथे घासत. "हळू चालवा" असे ती एकदाही म्हणाली नाही. तिची सारी हरकत त्या पत्र्यावर दाखल आहे. मिस्त्री तिथे लांबी भरू म्हणाले, तेव्हा माझ्या उत्तरात सौंदर्यशास्त्र नव्हते, आणि सभ्यताही फारशी नव्हती.

आमच्या सोसायटीचा रखवालदार भल्या पहाटे उठून एकाच धुळकट फडक्याने सर्व मोटारी पुसून काढतो. त्याचा हेतू निर्मळ आहे, फडके नाही. तेव्हा त्यास व इतर समस्त हितचिंतकांस नम्र विनंती, की या गाडीची दया येऊन कोणीही तिला पुसू नये.