पाच दिवसांत चित्र काढायला शिका (वय वर्षे चाळीस आणि पुढे)

पात्रतेची अट एकच. उमेदवाराने आयुष्यात निदान एकदा तरी, शक्यतो चारचौघांत आणि थोड्या अभिमानाने, 'आपल्याला बुवा साधी सरळ रेघ मारता येत नाही' असं म्हटलेलं असावं. सरळ रेघेसाठी पट्टी मिळते आणि चित्रात तिचं काम फारसं पडत नाही. तरी हे वाक्य म्हटल्याशिवाय प्रौढ माणसाला चित्रकलेच्या वर्गाचा उंबरा ओलांडता येत नाही. शाळेत असताना कला संचालनालयाची एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट दिली असेल तर श्रेणी लिहावी. 'क' असेल तर 'परीक्षेच्या दिवशी अंगात ताप होता' हेही लिहावं. तशी पद्धत आहे.

पूर्वानुभवाच्या रकान्यात जवळजवळ सगळे एकच चित्र सांगतात: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट झोपडीच्या दारात येणारी नदी आणि एक नारळाचं झाड. हे निसर्गचित्र कोकणात काढतात तसंच लातूरलाही काढतात. लातूरच्या मुलाने एवढं पाणी कुठल्या नदीत पाहिलं, असं त्याला कोणी विचारत नाही, कारण ते पाहून काढायचं नसतंच. ते पाढ्यांच्या बरोबरीने पाठ झालेलं असतं. साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाच्या लक्षात येतं की आपली झोपडी काही केल्या खऱ्या घरासारखी दिसत नाही, आणि ते पेन्सिल खाली ठेवतं. तुम्हीही तेव्हाच ठेवलीत. पुढे पदवी घेतलीत, गृहकर्ज फेडलंत, मुलांना मार्गी लावलंत. हात मात्र अजून पाचवीतच आहे. त्याला तिथून बाहेर काढायला पाच दिवस पुरतात, असं कोर्सची जाहिरात म्हणते.

पाच दिवस म्हटल्यावर जुनी मंडळी दुखावतात. चित्रकार रावबहादूर धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिरले आणि १९३१ साली निवृत्त होऊन बाहेर पडले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' आहे. तुम्हाला एवढी रजा मिळणार नाही. तेव्हा पाच दिवसच धरून चालू.

हा पाच दिवसांचा नुस्खा कॅलिफोर्नियातल्या बेटी एडवर्ड्स या चित्रकलेच्या शिक्षिकेचा. त्यांचं 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' हे पुस्तक १९७९ साली आलं, त्यातून पाच दिवसांच्या कार्यशाळा निघाल्या, आणि आता नावं बदलून तेच व्यायाम गावोगावच्या वीकेंड बॅचमध्ये भेटतात. बाईंनी आधार घेतला तो रॉजर स्पेरी यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामाचा, ज्याला १९८१ साली नोबेल मिळालं. डावा मेंदू बोलका आणि हिशेबी, उजवा मुका आणि पाहणारा. चित्र काढायचं तर डाव्याला गप्प बसवायचं, असा त्याचा सारांश लोकांनी पाठ केला. मेंदूतल्या कामांची वाटणी इतकी स्वच्छ नसते, असं त्या विषयातले लोक आता सांगतात आणि ते बरोबर आहे. व्यायाम मात्र लागू पडतात. निदान चुकलेलं आणि औषध लागू पडलेलं, हे आपल्याकडे घरोघरी अनुभवाला येतं, त्यामुळे कोणी अडून बसू नये.

आता साहित्य. या बाबतीत प्रौढ उमेदवार लहान मुलांना पार मागे टाकतो, कारण त्याच्याकडे पैसे असतात. लागतात तीन पेन्सिली (एचबी, टूबी, सिक्सबी), एक खोडरबर, कार्ट्रिज पेपर, पॅड, दोन क्लिपा आणि टोक करायला कटर. तुम्ही आणाल चोवीस पेन्सिलींचा पत्र्याचा परदेशी डबा. इतकी देखणी स्केचबुक की तिच्यात काही काढायचं धाडस पुढे कधीच होणार नाही. आणि लाकडी सांध्यांचा एक माणूस, जो यथावकाश टीव्हीशेजारी उभा राहील. असू दे. डब्यातल्या एचवाल्या पेन्सिली तेवढ्या परत ठेवून द्या. शिशात चिकणमाती जितकी जास्त तितकी पेन्सिल कडक आणि फिकट, आणि तुम्हाला सध्या मऊ आणि काळं हवं आहे. फिकट काढलं की चूक दिसत नाही, या हिशेबाने नवशिक्या हमखास टूएच उचलतो. चूक दिसत नाही हे खरं, पण मग चित्रही दिसत नाही.

शिकवणारा मुलगा सव्वीसेक वर्षांचा असेल. तो तुम्हाला 'काका' म्हणेल, तुम्ही त्याला 'सर' म्हणायचं. यात हसण्यासारखं काही आहे असं दोघांनीही दाखवायचं नाही. बॅचमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर असतात, जे रेघ मारायच्या आधीच खोडायला घेतात. आयटीतली एक मुलगी असते, तिला 'प्रोसेस' हवी असते. एक डॉक्टर असतात. त्यांना कवटीचं हाडन् हाड नावानिशी माहीत असतं आणि नेमका त्यांचाच चेहरा जमत नाही. शिवाय 'मी फक्त मुलीला सोडायला आले होते' म्हणणाऱ्या एक बाई. त्यांच्या शेजारी बसू नका. त्यांचं चित्र पहिल्याच दिवशी चांगलं येतं.

पहिल्या दिवशी काहीही न शिकवता आरसा हातात देतात आणि स्वतःचा चेहरा काढायला सांगतात. सही-तारखेसह. पुढे हाच कागद 'आधी' म्हणून दाखवायचा असल्याने सरांना तो वाईट आलेला चालतो. तुम्ही एक लांबट गोल काढाल, त्यात पार वर दोन डोळे घालाल आणि डोळ्यांना लागूनच केस सुरू कराल. आता पट्टी घेऊन आरशात मोजा. डोक्याच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं जे अंतर, त्याच्या साधारण मध्यावर डोळे असतात. विश्वास बसणार नाही, पुन्हा मोजा. आपण लोकांच्या डोळ्यांशी आणि ओठांशी बोलतो. कपाळाशी आणि टाळूशी कोणाचं काही काम नसतं, म्हणून मनात तेवढी जागा आपोआप आकसते. पहिल्या दिवशी भिंतीवर टांगलेली सगळी मंडळी त्यामुळे बिनमेंदूची असतात, डॉक्टर धरून.

दुपारी कागदाकडे न बघता काढायचं. हा व्यायाम एडवर्ड्सबाईंच्याही आधीचा, किमॉन निकोलाइडीस या अमेरिकन शिक्षकाच्या १९४१ साली निघालेल्या पुस्तकातला. डावा हात टेबलावर ठेवा, पेन्सिल कागदावर टेकवा, मान डाव्या हाताकडे फिरवा. तळव्याच्या सुरकुतीवरून नजर मुंगीच्या वेगाने सरकवा आणि पेन्सिलही त्याच वेगाने. वेळ संपल्यावर कागदावर आल्याचा गड्डा असेल. सर म्हणतील, 'मस्त आलंय, काका!' ते चेष्टा करत नाहीत. रेघ नीट बघा: ती थांबली आहे, वळली आहे, चाचपडली आहे. दोन डोंगरांनंतर पहिल्यांदाच तुम्ही पाठ नसलेलं काही काढलंत.

दुसरा दिवस चुकवू नये. बाकीच्या चार दिवसांत एखाद्या साखरपुड्याला जाऊन आलात तरी चालेल. सकाळी पिकासोने १९२० साली केलेलं स्त्राविन्स्की या संगीतकाराचं रेखाचित्र तुमच्यापुढे उलटं ठेवतात: खुर्चीत बसलेला, चष्मा लावलेला, पायावर पाय, हातात हात. ते उलटंच ठेवून नकलायचं. अट अशी की 'हे बोट', 'ही कॉलर' असं मनातसुद्धा म्हणायचं नाही. ही रेघ त्या रेघेला कुठे भेटते, एवढंच बघायचं. सुरुवातीला मन कटकट करतं. चहा कधी, हे कशासाठी, यापेक्षा घरची माळ्यावरची साफसफाई झाली असती. मग कधीतरी ते बोलायचं थांबतं आणि चहा येऊन गार झालेला असतो. कागद सुलटा केल्यावर वर्गात 'अरेच्चा' असा आवाज होतो. गुंतलेली बोटं, ज्यांना सुलट्यात तुम्ही हातच लावला नसता, तीच सगळ्यांत बरी आलेली असतात, कारण ती बोटं आहेत हे तुम्हाला कळलंच नव्हतं. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकाल. 'हे कोण?' असं आत्या विचारतील. 'स्त्राविन्स्की' म्हणू नका, प्रश्न वाढतात.

दुपारी खुर्ची. लग्नात, वार्षिक सभेत आणि दशक्रियेला जी एकच प्लास्टिकची खुर्ची असते, तीच. ती काढायची नाही. तिच्या पायांमधली, हातांखालची, पाठीच्या पट्ट्यांमधली रिकामी जागा तेवढी काढायची. कारण खुर्चीबद्दल तुम्हाला नको इतकी माहिती आहे: पाय चार, सगळे एका उंचीचे, बैठक चौकोनी. समोर दिसणाऱ्या खुर्चीत मात्र मागचे पाय आखूड आहेत आणि बैठक म्हणजे एक चपटी फीत आहे. माहिती आणि डोळे यांचा वाद झाला की चाळिशीनंतर माहितीच जिंकते. बँक मॅनेजर चारही पाय मोजून सारखे काढतात आणि खुर्ची हवेत फेकल्यासारखी दिसते. हाताच्या आणि पाठीच्या मधल्या त्या वेड्यावाकड्या त्रिकोणाबद्दल मात्र कोणालाच काही माहिती नसते. त्याला नाव नाही, उपयोग नाही. त्यामुळे त्याच्याकडे बघावंच लागतं.

पटत नसेल तर दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरा, एक पूर्ण लांब, दुसरा त्याच्या निम्म्या अंतरावर. दोन्ही सारखेच वाटतील. आता एक डोळा मिटा आणि जवळचा हात लांबच्यासमोर आणा. लांबचा अख्खा झाकला जाईल, कारण डोळ्याला तो निम्म्याच मापाचा दिसत होता. मेंदूने परस्पर दुरुस्ती करून वर पाठवला. रस्ता ओलांडताना ही दुरुस्ती जीव वाचवते, नाहीतर लांबून येणारी एसटी खेळण्यातली समजून आपण पुढे गेलो असतो. चित्र काढताना ती नडते. इंग्रज समीक्षक जॉन रस्किन लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात प्रौढ कामगारांना चित्रकला शिकवत होता तेव्हा त्यालाही हीच अडचण दिसली. त्याचं 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' १८५७ सालचं, जे. जे. सुरू झालं त्याच वर्षीचं. काय दिसतंय ते ओळखण्याआधी बाळाला जसं नुसतं दिसतं, तसं बघायला पुन्हा शिकावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पाच दिवसांचा सगळा कोर्स त्यात आला. बाकी शिबिराचं जेवण.

तिसऱ्या दिवशी पेन्सिल धरून मापं घ्यायला शिकवतात. सिनेमातले चित्रकार करतात ते हेच: हात लांब, एक डोळा बंद. सिनेमात एक गोष्ट सांगत नाहीत ती अशी की कोपर ताठ हवं. ते वाकलं की पेन्सिल जवळ येते आणि सगळी मापं बदलतात. 'पण मोजून काढणं म्हणजे चीटिंग नाही का?' असं मॅनेजर विचारतील. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी. आधी तो बार्ग नावाच्या चित्रकाराच्या छापील धड्यांवरून नकला करत बसला आणि १८८२ साली द हेगमध्ये असताना त्याने दोऱ्या ताणलेली चौकटच करून घेतली, तिच्यातून बघून काढायला. मॅनेजरांचं यानेही समाधान होणार नाही. त्यांना खोडू द्यावं.

चौथा दिवस शेडिंगचा. डोळे अर्धवट मिटून बघा, म्हणजे बारीकसारीक तपशील जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. बोटाने घासू नका. घासल्याने चित्र गुळगुळीत आणि मळकट होतं, आणि नवशिक्याला ते फार आवडतं. चौथ्या दिवसाबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा आरसा. कागद आधी पेन्सिलीच्या भुकटीने राखाडी करून घेतात आणि उजेडाच्या जागा खोडरबराने उघडतात. पाच दिवसांत खोडरबराला मिळालेलं हे पहिलं सन्मानाचं काम. डोळ्यांतलं पांढरं पांढरं नसतं, वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. नाकाला दोन्ही बाजूंनी रेघा नसतात. दात मोजून काढू नका. अवघड भाग वेगळाच आहे: इतका वेळ स्वतःच्या तोंडाकडे तुम्ही लग्नाच्या दिवशीही पाहिलेलं नाही. पहिला तास लाज वाटते, मग वय दिसतं, मग गालाखाली वडील दिसायला लागतात. त्यानंतर हे सगळं मागे पडून डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत अंतर किती, एवढाच प्रश्न उरतो. तिथून चित्र येतं.

संध्याकाळी 'आधी' आणि 'नंतर' शेजारी-शेजारी टांगतात. फरक खरा असतो, पण जाहिरातीतल्या इतका निर्मळ नसतो. 'आधी' तुम्ही घाईत उरकलंत, 'नंतर'ला दिवस दिलात. कुठलंही काम दिवसभर बसून केलं की बरं होतं. शिवाय घरी गेल्यावर महिनाभर पेन्सिल उचलली नाही तर डोळे पुन्हा वर सरकतात.

म्हणून सराव. लोकलमध्ये झोपलेली माणसं काढावीत, ती हलत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. घरच्यांना बसवायचं असेल तर आधी मावशीला टाळून पाहावं. टळणार नाही, तिला ग्रुपवरून कळलेलं असतं. ती साडी बदलून येईल, खिडकीशी बसेल, निम्मं चित्र झाल्यावर उठून बघेल आणि म्हणेल, 'माझं नाक एवढं आहे का रे?' अशा वेळी वाद घालू नये. हात लांब करावा, कोपर ताठ ठेवावं, एक डोळा मिटून सगळ्यांदेखत पुन्हा मोजावं. माप पहिलंच येईल. मग खोडरबर घ्यावं आणि नाक लहान करावं.