29 अक्षरांची तुच्छता: नवशिक्यांसाठी

ज्याला तुच्छ लेखायचं आहे, त्याला आधी खुर्ची द्या. शब्द संपेपर्यंत माणूस जागेवर राहायला हवा.

शब्द असा: फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, एवढाच अर्थ. इंग्रजीत अक्षरं 29. पाठ करताना तोडून म्हणा: फ्लॉक्सि, नॉसि, निहिलि, पिलि. लॅटिनमध्ये हे चार वेगवेगळे शब्द आहेत: लोकरीचा पुंजका, फुटकळ वस्तू, शून्य आणि केस. 'तुझी किंमत मी केसाएवढीही करत नाही' असं म्हणायला तिथे यातला कुठलाही एक पुरतो. ईटन शाळेच्या लॅटिन व्याकरणात ते एका ओळीत घोकायला होते. कुणा वात्रटाने ते एकत्र ओवून मागे 'फिकेशन'चं शेपूट लावलं, असं मानतात. मला ते पटतं. पंडिताला एवढी मजा सुचत नाही.

तोंडी वापर शक्यतो टाळा. तुच्छतेला वेग लागतो. 'हॅ!' म्हणून मान फिरवली की काम होतं. इथे तुम्ही 'निहिलि'पर्यंत पोहोचता तोवर समोरचा काळजीने विचारतो, 'पाणी आणू का?' ब्रिटिश संसदेत जेकब रीस-मॉग यांनी 2012 मध्ये तो न अडखळता म्हटला, पण ते स्वतः ईटनचे. घरचा अभ्यास.

कौतुकासाठी मात्र खुशाल वापरा. कवी विल्यम शेन्स्टनने 1741 च्या पत्रात तसंच केलं: अमका पैशाला कस्पटासमान मानतो, म्हणूनच तो मला आवडतो. या शब्दाचा हाच सर्वांत जुना ज्ञात वापर. म्हणजे जन्मापासूनच त्याला नीट अपमान करता येत नाही.

पुढची इयत्ता शशी थरूर यांची. ऑक्टोबर 2018 मध्ये मोदींवरच्या आपल्या पुस्तकाची माहिती देताना, त्यातली चारशे पानं म्हणजे निव्वळ हा उद्योग नव्हे, असं त्यांनी ट्विटरवर लिहिलं. पुस्तक राहिलं बाजूला, वाचक शब्दकोशाकडे धावले. मग थरूर यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि त्यात लांब शब्दांच्या भीतीचं नाव घातलं. ते याहून लांब आहे.

लेखात वापरायचा हट्टच असेल, तर ओळीच्या शेवटी येणार नाही असं पाहा. तो कुठे तोडावा हे शोधताना मुद्रितशोधक तुमच्याविषयी जे पुटपुटतो, त्याला दोन अक्षरं पुरतात.